सिपकेचा सुरक्षित पिंजरा

सोमवार, १० फेब्रुवारी. सकाळी ७.४०

आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे. सिपकेच्या पायाचं नख झोपाळ्याच्या दोरीत अडकलं. चार सेकंद. (मोजले.) नंतर त्याने ते स्वतःच सोडवलं आणि गायला लागला. काही झालंच नाही असं दाखवत होता. अपघाताची सुरुवात अशाच बेफिकिरीतून होते.

एकतीस वर्षं मी बागांमधल्या घसरगुंड्या आणि झोपाळे तपासले. आमच्या डोकुम गावापासून थेट समुद्रापर्यंत माझ्या सहीशिवाय एका पोराला झोका मिळत नव्हता. मी पिशवी घेऊन बागेत शिरलो की पोरं गप्प व्हायची. आदर होता. डिसेंबरात निवृत्त झालो तेव्हा ऑफिसने हा कॅनरी पक्षी दिला, पिंजऱ्यासकट. पिवळाजर्द. कार्डावर लिहिलं होतं, 'आता याची तपासणी करा.' सगळे हसले. मला मात्र त्यातला विश्वास दिसला.

आज पिंजऱ्याची रीतसर तपासणी केली. दोष : तेवीस. आक्केला सांगितलं. बायको असून ती म्हणाली की चोविसावा दोष पिंजऱ्याबाहेर उभा आहे.

१५ मार्चला माझा वाढदिवस. ऑफिसात आता माझ्या खुर्चीत बसणारी मारिट आणि ऑफिसातले दोघं येणार आहेत. तोवर पिंजरा असा करायचा की त्यांनी ड्रॉइंग मागितलं पाहिजे. ऑफिसला सल्लागार लागतोच. आठवड्यातून दोन दिवस मी देऊ शकेन. तीनसुद्धा.

संकल्प : शून्य अपघात. सिपके रोज सकाळी दहाला गातो, तसा त्या दिवशी सगळ्यांसमोर गाईल. भिंतीपलीकडचा डाउवे रोज त्या गाण्यावर कॉफी पितो. फुकट.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दोष क्र. १ : झोपाळा. दोरी नायलॉनची, खाली मऊ जमीन नाही. काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला. नोकरीत असे एकशे बारा काढले. मोठ्या माणसांपैकी कुणीही तक्रार केली नाही.

सिपके दिवसभर, झोपाळा जिथे होता त्याच्या बरोबर खाली बसून होता. विश्रांती मिळाली बिचाऱ्याला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दोष क्र. ४ : दाराची कडी. तारेची, चोचीने उघडेल अशी. तिच्या जागी स्वयंपाकघरातल्या कपाटाला लावतात ते लहान मुलांपासूनचं लॉक बसवलं. दोन्ही बाजूंनी दाबायचं, वर उचलायचं, मग ओढायचं. उत्तम काम. सिपकेला उघडता येत नाही.

दुपारी ३.१५. मलाही उघडता येत नाही.

दुपारी ४.००. पाणी संपलेलं. आक्केने लोण्याच्या सुरीने दोन सेकंदांत उघडलं. तिला समजावून सांगितलं की सुरीचा असा वापर नियमात बसत नाही. तिने सुरी पुसली आणि ब्रेडला लोणी लावायला घेतलं. मला विचारलंही नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

दोष क्र. ७ : गजांमधलं अंतर. बागेत हे तपासायला आमच्याकडे लाकडी ठोकळा असायचा, पोराच्या डोक्याच्या मापाचा. ठोकळा आत गेला की डोकंही जाणार. त्यासाठी सिपकेच्या डोक्याचं माप हवं. कॅलिपरने घ्यायला गेलो.

अपघात नोंदवही. जखमी : एक (निरीक्षक). डाव्या हाताची तर्जनी. पट्टी लावली. सिपके सुखरूप, पण माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होता. मी त्याला शांतपणे सांगितलं की हे तुझ्यासाठीच चाललंय. तो पाठ करून बसला.

मग अंदाजाने काम केलं. पाण्याच्या पाइपावर घालतात तो काळा फोम आणला, प्रत्येक गजावर चढवला. आता कुठेही आपटला तरी लागणार नाही. पिंजरा बाहेरून मोठा दिसतो. आतून थोडा लहान झालाय.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सिपकेने फोम खाल्ला. आम्ही प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी त्याला तपासलं, मला तपासल्यासारखं बघितलं आणि म्हणाल्या की पिंजऱ्याला जे जे लावलंय ते ते काढा. म्हणजे तत्त्व त्यांना पटलं, फक्त साहित्य बदलायचं.

परत येताना आक्के सायकलवर पूर्ण वेळ पुढेच होती. सिपकेचा खोका तिच्या हँडलला. दोन वेळा हाक मारली. वाऱ्यामुळे ऐकू गेलं नसावं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दहा वाजले. गाणं नाही.

काल नव्हतं. परवाही नव्हतं. पुस्तक बघितलं. पिसं झडताना कॅनरी गप्प होतात, पण ती ऑगस्टात झडतात. सिपके काळाच्या पुढे असेल.

डाउवे आला. निवृत्त बेकर. सुरक्षेचं शिक्षण शून्य; आयुष्यभर भट्टीत हात घालत आला आणि दाखवायला दोन्ही हातांवर डाग आहेत. त्याने विचारलं की पाखरू आजारी आहे का, कॉफी गोड लागत नाही हल्ली. मी सांगितलं, सिपके विचार करतोय. डाउवेने फोमविना उघड्या गजांकडे, नव्या लॉककडे, माझ्या बोटाच्या पट्टीकडे बघितलं आणि म्हणाला, "मलाही असं वाटायला लागलंय."

त्याची मांजर तेवढ्या वेळात बाहेरून खिडकीच्या कट्ट्यावर बसून आत बघत होती. टक लावून. हेच कारण! मूळ दोष सापडला. पक्ष्यावर सतत नजर आहे, मग तो गाईल कसा?

शनिवार, २२ फेब्रुवारी. सकाळी ९.००

आक्के कालपासून लेऊवार्डनला बहिणीकडे. शांतपणे काम करता येईल. समोरच्या खिडकीचे पडदे ओढून घेतले. मांजरीचा प्रश्न पाच सेकंदांत मिटला. लोक उगाच खर्च करतात.

संध्याकाळी ६.३०

झालं ते क्रमाने लिहितो.

अकरा वाजता चौदा नंबरच्या बाई आल्या. हातात वाटाण्याच्या सूपचं पातेलं. माझा हात धरून बराच वेळ उभ्या. मग कोपऱ्यावरचे पतिपत्नी आले, साखरेचा ब्रेड घेऊन. सगळे हळू आवाजात बोलत होते. मला बरं वाटलं. गल्लीला सिपकेची इतकी काळजी असेल असं वाटलं नव्हतं.

बाईंनी विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, हळूहळूच. आधी गाणं बंद झालं, मग खाणं कमी झालं. त्यांनी डोळे पुसले. गाण्यात जीव होता हो, म्हणाल्या. आक्के चर्चच्या गायनात असते हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. मी म्हटलं, मीच जास्त लक्ष द्यायला हवं होतं, निदान गजांकडे. त्यावर कोपऱ्यावरच्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

सव्वाबाराला आक्के सायकलवरून आली. चौदा नंबरच्या बाई किंचाळल्या.

आमच्या गल्लीत दिवसा पडदे एकाच कारणासाठी, घरात कुणी गेलं की, ओढतात हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. एवढंच झालं. त्यावरून आक्के जे बोलली ते इथे लिहीत नाही. पाच वाजता तिने स्वतःच्याच नावाचं सूप गरम केलं आणि उभ्याने खाल्लं. पातेलं धुताना एवढंच म्हणाली की पाखरू गप्प आहे ते मांजरीमुळे नाही.

मग कशामुळे, ते मात्र सांगितलं नाही. अर्धवट रिपोर्ट देणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग आहे.

बुधवार, २६ फेब्रुवारी

पडदे उघडे. त्याऐवजी पिंजऱ्याच्या चारी बाजूंना ॲक्रिलिकचे पत्रे बसवले आणि त्यावर बाथरूमच्या खिडकीला लावतात तो धुरकट कागद. मांजरीला आतलं दिसत नाही. वारा नाही. पुढच्या बाजूला बघायला एक भोक, दोन सेंटिमीटर.

नियम : (१) पाहणी दिवसातून दोनदा. (२) टिचकी मारायची नाही. (३) दाणापाणी आक्के करेल, कारण दार उघडण्याची जबाबदारी तिच्याकडे आहे. सुरीसकट.

भोकातून सिपके पिवळा ढग दिसतो. सुंदर.

शनिवार, १ मार्च

आतल्या बाजूला वाफ धरली. हवा खेळायला भोकं हवीत. ड्रिल काढलं. पत्रे उतरवायचे म्हणजे बावीस स्क्रू, म्हणून जागेवरच पाडायला घेतली. तिसऱ्या भोकाला आतून धडपड ऐकू आली. मी म्हटलं, एकच राहिलंय. चौथ्यानंतर आवाज थांबला.

आक्केने मला बाजूला ढकललं. खरोखर ढकललं. दार उघडून त्याला बाहेर काढलं. चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले, एक पंख लोंबत होता. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून तिने त्याला दोन्ही हातांच्या ओंजळीत तासभर धरलं. मी दारात उभा होतो. ड्रिल हातातच राहिलं होतं.

ती वर न बघता म्हणाली, "वीब्रेन, हा मरेल. मांजर नाही मारणार याला. तू मारशील."

एकतीस वर्षांत माझ्या सहीच्या बागेत एकही पोर दगावलं नाही. हे मी तिला सांगणार होतो. त्याऐवजी वायर गुंडाळायला घेतली. ड्रिलची.

बुधवार, ५ मार्च

चार दिवस पिंजरा आक्केने झोपायच्या खोलीत ठेवला होता, वर चादर टाकून. मला आत मनाई. हाड मोडलेलं नव्हतं म्हणे, पंख मुरगळला होता, आता उडतो. संध्याकाळी पिंजरा जागेवर परत ठेवला. तिची अट : उघडायचं नाही, हात लावायचा नाही, फक्त भोकातून बघायचं. मी म्हटलं, हा तर माझाच नियम. तिने चादरीची घडी घातली. मग म्हणाली की असू दे.

माफी मागितल्यासारखं वाटलं मला ते.

गुरुवार, ६ मार्च. सकाळी ८.००

शून्य अपघात. दिवस पहिला.

भोकातून पाहिलं. सिपके खालच्या दांडीजवळ शांत बसलेला. मला बघून कोपऱ्यात पळाला नाही! फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच. 'गुड मॉर्निंग' म्हटलं.

शुक्रवार, ७ मार्च

दिवस दुसरा. तीच जागा. फडफड नाही, उड्या नाहीत. पक्ष्यांचे बहुतेक अपघात उडण्यामुळे होतात. हे त्याला समजलंय.

अंगाने भरलाय. चांगला गोल झालाय.

आक्केचं विणकाम बंद आहे. लोकरीचा एक गुंडा कमी पडला म्हणाली. काय विणत होती विचारलं, तर सांगेना. माझ्या वाढदिवसाचं असावं.

शनिवार, ८ मार्च

दिवस तिसरा. घाण : शून्य. पिंजऱ्याचा तळ इतका स्वच्छ मी कधी पाहिला नाही. दाणे जसेच्या तसे. कमी खाऊन तब्येत राखणारे असेच असतात. मीही सकाळी चीजचा एकच तुकडा घेतला.

१०.०५. भिंतीपलीकडून कॅनरीचं गाणं! डाउवेकडून. मोठ्याने, खालून वर, वरून खाली, मध्येच ती लांब शीळ. हुबेहूब आपला जुना सिपके. या माणसाने माझी नक्कल करायला कॅनरी आणला किंवा रेकॉर्ड लावली. माझं पाखरू गप्प आहे हे माहीत असताना. शेजारधर्म!

सिपकेने मान वर केली नाही. अशा गोष्टींकडे तो दुर्लक्ष करतो. मला अजून जमत नाही.

रविवार, ९ मार्च

दिवस चौथा. डाउवेकडे जाब विचारायला गेलो. त्याने समोरच्या खोलीत नेलंच नाही, स्वयंपाकघरात बसवलं. ओळखीला तीस वर्षं झाली, स्वयंपाकघरात कधी बसवलं नव्हतं. विचारलं, कॅनरी घेतलास? तो म्हणाला, घेतला असं नाही म्हणता येणार. मग रेडिओ? तो म्हणाला, तसंच समज. सरळ उत्तर देईल तर शपथ.

निघण्याआधी त्याच्या बाथरूमला गेलो. आत भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर, आमच्याकडे आहे तसंच. सवयीने वाचलं. १५ मार्च : वीब्रेन. म्हणजे येणार. ५ मार्च : सिपके. निळ्या शाईत, हृदयासकट. यांच्या नात्यातही कुणी सिपके आहे तर. या भागात नाव तसं भरपूर आहे. अक्षर थेट आक्केसारखं. तिच्या शाळेतल्या सगळ्या मुलींना एकच बाई शिकवायच्या.

मंगळवार, ११ मार्च

दिवस सहावा. माझी आणि सिपकेची समजूत आता इतकी जमली आहे की मी अर्धा अर्धा तास भोकाशी बसतो. जुन्या गोष्टी सांगतो. फेरवर्ड गावातल्या घसरगुंडीची, तिच्यात निघालेल्या खिळ्याची. आधी मी पहिलं वाक्य बोललो की तो गजांवर धडका द्यायचा. आता शेवटपर्यंत ऐकतो. मध्ये एकदाही हलत नाही.

आक्केला सांगितलं की निवृत्त झाल्यापासून मला इतकं बरं वाटलं नव्हतं. ती चहा ओतत होती. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर गेली. इतक्या वर्षांनी तिला माझं काम पटलं.

बुधवार, १२ मार्च

दिवस सातवा. पुठ्ठ्याची पाटी केली : 'येथे शून्य अपघात. दिवस : —'. आकडे बदलता येतात. पिंजऱ्यावर टांगली. भाषण लिहिलं, चार पानं. गाण्याबद्दलचा परिच्छेद काढून टाकला. गाणं ही भावनेची बाब आहे, तिचं मोजमाप होत नाही. स्थैर्याचं होतं.

भिंतीपलीकडे रोज दहाला चालूच. ऐकायचं नाही असं ठरवलंय. तरी त्या वेळी मी आपोआप भिंतीजवळच्या खुर्चीत बसलेला असतो.

शनिवार, १५ मार्च. सकाळी ७.००

वय अडुसष्ट. दिवस दहावा. खुर्च्या गोल मांडल्या. पिंजरा मध्यभागी, टेबलावर, वर माझा जुना निरीक्षकाचा बिल्ला. गुलाबी आयसिंगचा केक बरोबर आठ तुकडे. हवामान कोरडं. सगळं तयार.

सकाळी ११.५०

सगळे गेले. लिहितो. लिहायलाच हवं, कारण उद्या कुणी म्हणेल की असं झालंच नाही.

साडेनऊला मारिट आणि ऑफिसातले दोघं आले. माझं अभिनंदन केलं, आक्केचं केलं, डाउवेचं केलं; आमच्याकडे वाढदिवसाला सगळ्यांचंच करतात. डाउवे शेजारून आला होता, नवीन स्वेटर घालून, आणि माझ्या नजरेला नजर देत नव्हता. कॉफी झाली. केक झाला. मी उभा राहिलो. तेवीस दोष कसे गेले ते सांगितलं. मंडळी गप्प बसून ऐकत होती. ऑफिसातल्या एकाने घड्याळ बघितलं, पण त्याला ती सवय आहे.

मग मारिटला भोकातून बघायला बोलावलं. ती वाकली. बराच वेळ वाकलेली होती. मग एक डोळा मिटून दुसऱ्याने बघितलं. मग विचारलं, "साहेब, हा असा कधीपासून आहे?"

मी पाटीकडे बोट केलं. दहा दिवस.

तिने विचारलं की उघडू का. मी सांगितलं, नियमात नाही. ती म्हणाली की तरी उघडू या. मला ते लॉक सगळ्यांसमोर उघडता येणार नव्हतं, म्हणून मी आक्केकडे बघितलं. आक्के बसल्या जागेवरून उठेना. डाउवे कॉफीच्या कपात बघत होता. शेवटी ती उठली, केकची सुरी घेतली, दार उघडलं, आत हात घातला आणि सिपकेला बाहेर काढून माझ्या हातात दिलं.

लोकरीचा गुंडा होता. पिवळा. एक टोक सुटलेलं.

खोलीत आठ माणसं होती, डाउवेची मेहुणी आणि चौदा नंबरच्या बाई धरून, आणि एकाच्याही खुर्चीचा आवाज आला नाही. तेवढ्यात दहा वाजले. भिंतीपलीकडे डाउवेच्या रिकाम्या घरात सिपके गायला लागला. खालून वर, वरून खाली, आणि मग ती लांब शीळ. सगळ्यांनी ऐकलं. चांगली सहा मिनिटं गात होता. इतकं सुंदर तो माझ्या घरात कधी गायला असेल तर मला आठवत नाही.

आक्के म्हणाली, "पाच तारखेला नेऊन ठेवला. दुसऱ्याच दिवशी तुला सांगणार होते, वीब्रेन. पण तू त्याला गुड मॉर्निंग म्हटलंस आणि इतका खूश झालास."

मग सगळ्यांनी दुसरी कॉफी घेतली, कारण पहिल्यानंतर उठणं बरं दिसत नाही. जाताना मारिट माझा हात हातात घेऊन म्हणाली की पिंजरा खरंच सुरक्षित आहे. मनापासून म्हणाली असेल. पण सायकलचं कुलूप काढताना तिचे खांदे हलत होते. मी खिडकीतून बघितलं. पडदे उघडेच होते.

ड्रॉइंग कुणी मागितलं नाही.

रविवार, १६ मार्च

गद्दारांची यादी.

१. आक्के. त्रेचाळीस वर्षांचा संसार. दहा दिवस रोज माझ्यादेखत लोकरीच्या गुंड्याला दाणापाणी दिलं. पाणी बदललंसुद्धा!

२. डाउवे. स्वयंपाकघर. 'तसंच समज.'

३. मारिट. खांदे.

४. सिपके. याचं सगळ्यात जास्त लागलं. बाकीची माणसं आहेत, त्यांना कारणं असतात. त्याला मी काय कमी केलं होतं? त्याच्या नखासाठी झोपाळा काढला, डोक्यासाठी बोट चाववून घेतलं. आणि भिंतीपलीकडे गेला तो तीनच दिवसांत गळा मोकळा.

आक्केशी बोलत नाही. तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

संकल्प : उद्या डाउवेकडे जाऊन रीतसर तपासणी. दोष दाखवून पक्षी परत आणायचा. फॉर्म तयार आहेत.

सोमवार, १७ मार्च

गेलो. पिशवी, टेप, फॉर्म. या वेळी त्याने समोरच्या खोलीत नेलं.

जुना तारेचा पिंजरा, गंजलेला. दार उघडं, सताड. त्याला कडी म्हणून ब्रेडच्या पिशवीची प्लॅस्टिकची क्लिप, तीही लावलेली नव्हती. शेजारी खुर्चीत मांजर झोपलेली. खिडकी फटीएवढी उघडी. दारातूनच एकतीस दोष मोजले. आणि आत माझा झोपाळा! मी कचऱ्यात टाकलेला, नायलॉनच्या दोरीचा. आक्केने काढून धुतला असणार. सिपके त्यावर बसून, पुढेमागे होत, गात होता.

मग मी त्याला दिसलो.

सुराच्या मध्येच थांबला. झोपाळ्यावरून उतरला आणि मागच्या कोपऱ्यात जाऊन गजांना चिकटून बसला. मी काही केलं नव्हतं. नुसता दारात उभा होतो, पिशवी घेऊन.

बागेतली पोरं आठवली. फाटक वाजलं की अशीच गप्प व्हायची. घसरगुंडीच्या वरच्या पायरीवर बसलेलीसुद्धा मागच्या मागे खाली उतरायची.

डाउवे म्हणाला, "बस. पिशवी बाहेर ठेव. हात दिसू देत."

मी बसलो नाही. वेळ नव्हता. फॉर्म कोराच परत आणला. पेन चालत नव्हतं.

मंगळवार, १८ मार्च

घरातला पिंजरा उघडून बघितला. बावीस स्क्रू. आतून भोकाला डोळा लावला. बाहेरचं काहीच धड दिसत नाही. दिसतो तो एक मोठा डोळा.

म्हणजे मी उलट्या बाजूने आरसा धरून पाहिलं. तसं शास्त्रीय कारणासाठी.

पाटी उतरवली. आक्केला विचारलं की तो परत येईल का. ती म्हणाली की तो नाही येणार, तू जा. रोज दहाला. डाउवेशी बोलले आहे, त्याच्या दोन अटी आहेत.

म्हणजे पुन्हा माझ्या पाठीमागे बोलणं झालंच.

गुरुवार, २० मार्च. दुपारी १२.१५

दहाला पाच कमी असताना आक्केबरोबर गेलो. अट पहिली : दारातच डाउवेने माझे खिसे तपासले. मला! टेप जप्त. छोटा स्क्रूड्रायव्हर जप्त. पायमोज्यात ठेवलेला दुसराही सापडला. बेकर असून काम पद्धतशीर करतो हे मान्य करावं लागेल.

अट दुसरी आक्केने पिशवीतून काढली. वाढदिवसाची भेट, उशिरा. लोकरीचे हातमोजे, अंगठा तेवढा वेगळा आणि बाकी चार बोटं एकत्र. पिवळे. गुंडा परत मिळाल्यावर दोन दिवसांत पुरे झाले म्हणाली. ज्याला मी दहा दिवस गुड मॉर्निंग म्हटलं, ज्याला फेरवर्डच्या घसरगुंडीची गोष्ट सांगितली, ते आता माझ्या दोन्ही हातांत होतं. घातल्यावर साधा खिळासुद्धा उचलता येत नाही. करून पाहिलं.

खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो, मोजे घातलेले हात मांडीवर. सिपके मागच्या कोपऱ्यात. मी त्याच्याकडे बघितलं नाही. झोपाळ्याकडेही नाही, म्हणजे एकदाच. मांजर येऊन पायाशी बसली. डाउवेने कॉफी दिली, ती आक्केने माझ्या तोंडाला लावली, कारण मोज्यांत कप धरता येत नाही. दहा वाजले. सव्वादहा. खोलीत ऊन होतं आणि मोजे फार गरम आहेत.

जाग आली तेव्हा पावणेअकरा झाले होते. सिपके दाणे टिपत होता, माझ्यापासून हातभर अंतरावर, खुर्चीच्या हातावर. आक्के डोळे पुसत होती. दोघंही म्हणतात की तो वीस मिनिटं गायला, असा आजवर कधी गायला नव्हता, आणि निम्मा वेळ माझ्या मोज्यावर बसून.

मी काहीच ऐकलं नाही. या दोघांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, ते अजून ठरवलेलं नाही. उजव्या मोज्यावर एक छोटा पांढरा डाग आहे. तो पुसलेला नाही.